भोपळ्याचे मोजे

९ फेब्रुवारी

आज पुन्हा एका सभ्य बाईंनी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?" मान तिरकी, हातात बिस्किट, डोळे पाणावण्याच्या बेतात. ग्रंथालयाच्या तळघरात माझ्या व्यंगचित्रांचं प्रदर्शन होतं. 'निर्वासित रेषा' असं काहीतरी नाव दिलं होतं. रेषा कसली निर्वासित? निर्वासित मी आहे, रेषा ठणठणीत आहे. बाईंना म्हटलं, "भीती वाटली असती तर भोपळा काढला असता का?" बाई खूश झाल्या. बिस्किट संपवून पुढच्या चित्राकडे न बघता गेल्या.

भोपळा म्हणजे आमच्याकडचा सर्वेसर्वा. त्याच्या मानेवर डोक्याऐवजी भोपळा पहिल्यांदा मी बसवला आणि सगळा देश त्याला त्याच नावाने ओळखू लागला. त्याचं माझं विळ्या-भोपळ्याचं सख्य, आणि विळा मी. मग आमच्या वर्तमानपत्राला टाळं लागलं, माझ्या नावाचं वॉरंट निघालं आणि आम्ही नवरा-बायको दोन बॅगा घेऊन इथे आलो. तीन वर्षं होत आली. लाँड्रीच्या वर दोन खोल्या आहेत. खालून दिवसभर वाफ येते, कागद दमट होतात. ही खाली लाँड्रीतच लोकांच्या पँटी आखूड करते, बटणं लावते. मी वर बसून देशासाठी लढतो.

१४ फेब्रुवारी

साप्ताहिकाच्या कचेरीत गेलो. कचेरी म्हणजे मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या मागची एक खोली. आमच्यासारख्या देश सोडलेल्यांसाठी हे साप्ताहिक निघतं आणि त्याच्या प्रती फोनवरून चोरून तिकडेही पोचतात. संपादक पूर्वी कॉलेजात भूगोल शिकवायचे. नकाशा अजून तोंडपाठ आहे, देश तेवढा हातचा गेला. या आठवड्याचं चित्र दिलं : भोपळा तराजूत बसलाय आणि तराजूचा काटा तोच धरून आहे. संपादक फोनवर बोलत होते. चित्राकडे एक नजर टाकून "वा, वा" म्हणाले आणि पाचव्या पानाच्या ढिगावर ठेवलं. पूर्वी पहिल्या पानावर जायचं. जागेची अडचण आहे म्हणाले. असेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

धाकट्याचा फोन. माझा भाऊ तिकडे चष्म्याचं दुकान चालवतो. दर रविवारी फोन करतो आणि हवेबद्दल बोलतो. थंडी कमी झाली, वारा सुटलाय, तुझ्याकडे कसं आहे. दुकानात भोपळ्याचा फोटो लावलाय, हार घालून. मी एकदा चिडून विचारलं होतं तर म्हणाला, "दादा, सगळ्यांनीच लावलाय." सगळ्यांनीच! दुसऱ्यांना चष्मे विकतो आणि स्वतः आंधळा. भित्री भागूबाई. लहानपणी मी भिंतीवर मास्तरांचं चित्र काढायचो आणि हा ओल्या फडक्याने पुसून टाकायचा, मला मार बसू नये म्हणून. तेव्हापासून पुसायचंच काम करतोय.

२७ फेब्रुवारी

चमचा आलाय.

इतक्या लोकांना तिकडे गोळ्या घालतात, नेमका हाच सुटून यावा! कलाशाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी भोपळा काढला, आणि हा बावीस वर्षं सरकारी दैनिकात भोपळ्याचा जबडा कोरत बसला. दर महिन्याला महालात जायचा, समोर बसून स्केचेस करायचा. चित्रात भोपळा चाळिशीचा, खांदे रुंद, पोट गायब. चमचा हे नाव मीच पाडलं. आता भोपळ्याला सगळ्यांचाच संशय यायला लागलाय. आधी स्वयंपाकी गेला, मग ड्रायव्हर गेला. आपला नंबर जवळ आला हे बघून हा एका प्रदर्शनाला म्हणून परदेशी आला आणि परतीच्या विमानात बसलाच नाही. लग्न झालेली मुलगी तिकडेच राहिली, तिच्या तान्ह्या बाळासह.

संपादकांना विचारलं, "त्याला इथे कशाला बसवताय?"

"काढतो चांगलं," म्हणाले.

मी म्हटलं, "आम्ही बीळ खणायचं आणि नागोबाने येऊन बसायचं. बसू दे."

संध्याकाळी घरी येऊन बघतो तर नागोबा माझ्याच खुर्चीत बसून चहा पितोय. ही त्याच्या कोटाचं अस्तर शिवत होती. म्हणे फाटलं होतं. बावीस वर्षं सरकारी खिसे भरले, फाटणारच.

६ मार्च

आज कचेरीत जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

चमच्याने चित्र आणलं. भोपळा नाही, मुकुट नाही, रक्ताचे थेंब नाहीत. पलंगाच्या कडेवर एक म्हातारा बसलाय. एका हातात मोजा. वाकायचा प्रयत्न चाललाय, पण पोट आडवं येतंय आणि पायाचा अंगठा वीतभर लांब राहतोय. दोन्ही बाजूंना दोन सेनापती, छातीभर पदकं, आणि दोघे छताकडे बघतायत. खाली ओळ नाही, काही नाही. चेहरा बघताक्षणी कळतं कोण ते.

संपादक हसले. मग हसायचे थांबले, खुर्ची पुढे ओढून बसले.

"हे असंच होतं?" त्यांनी विचारलं.

"रोज सकाळी," चमचा म्हणाला. "त्याला वाकता येत नाही. मदत करू का असं विचारायची कुणाची छाती नाही, आणि मदत कर असं म्हणायची त्याची नाही. मी बाहेर ताटकळत बसायचो. दार उघडं असायचं."

मी म्हटलं, "यात व्यंग कुठाय? भोपळा कुठाय? म्हाताऱ्याला मोजा घालता येत नाही, हे काय राजकारण झालं?"

मी चित्र हातात घेतलं होतं ते परत द्यायचं राहूनच गेलं, संपादकांनी मागून घेतलं.

खरी गंमत पुढे आहे. चमचा सही करायला तयार नाही. मुलगी तिकडे आहे, हे कळलं तर तिला उचलतील. बिनसहीचं छापा म्हणाला. संपादक म्हणाले, बिनसहीचं छापलं की ते आधी कुणाचं ते शोधायला लागतील. मग माझ्याकडे वळले. "तुमची सही असली तर शोध तिथेच संपेल. तुमच्यावर वॉरंट आहेच. आणखी काय करणार?"

मला हसू आलं. जन्मभर भोपळ्याची हांजी-हांजी केली, आणि आता मर्दुमकी सुचली तीही दुसऱ्याच्या नावावर! पण मी मोठ्या मनाचा माणूस. म्हटलं, ठीक आहे, करतो उपकार. फक्त त्याची रेघ नाजूक, माझी जाड, लोक फसणार नाहीत. चमच्याने माझा टाक मागितला आणि तिथेच बसून सगळं चित्र पुन्हा माझ्या धाटणीत काढलं. मनगटाचा तो झटका, कोपऱ्यातली ती आडवी छटा, सगळं हुबेहूब. माझी रेघ त्याला इतकी येते हे काही मला आवडलं नाही.

खाली उजवीकडे मी सही केली. नेहमीसारखं नुसतं पहिलं नाव.

१८ मार्च

गाढवांना गुळाची चव काय हे आता कळलं. अकरा वर्षं मी त्यांना भोपळे दिले, डोक्याला ताण देऊन, प्रत्येकात अर्थ भरून. आणि हे नाचतायत कशावर, तर मोज्यावर! तिकडे फोनाफोनी चाललीये. म्हणे मंत्रालयाच्या फाटकाला कुणीतरी एक मोजा टांगला. दुसऱ्या दिवशी वीस होते. पोलीस काठीने मोजे काढतायत असा फोटो आलाय. लोक हसतायत. उघड, रस्त्यात.

काल निर्वासितांच्या मंडळात गेलो तर लोक उभे राहिले. एका डॉक्टराने माझा हात धरला, सोडेचना. विचारलं, "मोज्याची कल्पना सुचली कशी?"

"निरीक्षण," मी म्हटलं.

हिने हातातला कप जरा जोरात खाली ठेवला. घरी येताना दोन पावलं पुढेच चालली. मी म्हटलं, नवऱ्याचा सत्कार झाला, तोंड का वाकडं? तर म्हणाली, "सत्कार छान झाला. ज्यांचा झाला ते हॉटेलात भांडी घासत होते, एवढंच." चमच्याला हॉटेलात काम लागलंय ते मला माहीत नव्हतं. काम करणं चांगलंच आहे माणसाने.

२३ मार्च, रविवार

धाकट्याचा फोन नाही. तिकडची हवा सांगायला आज कुणी नाही, चला, सुटलो.

३० मार्च, रविवार

आजही नाही. मोज्याचं प्रकरण ऐकून घाबरला असणार. मोठ्या भावाशी नातं आहे हे कळू नये म्हणून गप्प बसलाय. अपेक्षा दुसरी नव्हतीच.

१ एप्रिल

भावजयीचा फोन आला, शेजारणीच्या फोनवरून. धाकट्याला चौदा दिवसांपूर्वी नेलं. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना. काचा फोडल्या, भोपळ्याचा फोटो तेवढा जपून काढून बरोबर नेला. कुठे ठेवलंय ते आत्ता कळलं.

ती रडत नव्हती. रडून झालं होतं बहुतेक. म्हणाली, "दादा, इतकी वर्षं तुम्ही काढत होतात. कधी कुणी दुकानात पाऊल टाकलं नाही. यांनाही काही बोललं नाही. आता असं काय काढलंत तुम्ही?"

ही कसली बोलायची पद्धत? इतकी वर्षं मी काय पानंफुलं काढत होतो? माझ्यावर वॉरंट होतं! तीन वर्षं दर आठवड्याला मी त्या माणसाला सोलतोय, आणि ही विचारते, आता काय काढलंत. म्हणजे आधीचं सगळं... जाऊ दे. घाबरलेल्या बाईचं काय मनावर घ्यायचं.

धाकट्याला रक्तदाबाच्या गोळ्या लागतात. त्या देतात का ते विचारायचं राहिलं.

४ एप्रिल

वकिलातीतून फोन. गुळगुळीत आवाजाचा कुणी कारकून होता.

"साहेब, तुमची चित्रं आम्ही नेमाने बघतो," म्हणाला. "साहेबांना तर तुमचा भोपळा आवडायचा सुद्धा. पण हे मोज्याचं चित्र तुमचं नाही. तुमच्याकडून असं होत नाही. कुणाचं आहे तेवढं सांगा, तुमचा भाऊ उद्या घरी जाईल."

मी ओरडलो, "चित्र माझंच आहे! माझ्या बापजन्मात मी कुणाची..." आणि फोन आपटला.

भोपळ्याला भोपळा आवडायचा! म्हणजे तो ते बघून हसत बसायचा की काय, संध्याकाळी, पाय वर घेऊन? खोटं बोलतो हरामखोर.

ही दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "आत्ता ओरडलात ते त्यांच्या मुलीसाठी की स्वतःसाठी?"

"काय फरक पडतो? नाव तर नाही सांगितलं ना?"

"नाही सांगितलंत," ती म्हणाली. "भाऊजी आत आहेत, आणि तुम्ही नाव नाही सांगितलंत. फक्त का नाही सांगितलं ते एकदा स्वतःशी ठरवा. पुन्हा फोन येईल तेव्हा उपयोगी पडेल."

शिवणकाम करून करून जिभेलाही सुई लागलीये.

५ एप्रिल

चमचा आला. हिनेच कळवलं असणार. आत येईना, जिन्यातच उभा राहिला. साबणाने हात पांढरे पडलेले.

"सांगून टाक," म्हणाला. "खरं आहे तेच सांग. मी काढलं."

"आणि तुझी मुलगी?"

"माझी मुलगी आहे, मी बघीन."

"काय बघशील? इथून? उंटावरून शेळ्या हाकणार?"

तो पायरीवर बसला. हात पँटला पुसत राहिला. मग म्हणाला, "तुझा भाऊ माझ्यामुळे आत आहे. मला झोप लागत नाही रे."

मी म्हटलं, "बावीस वर्षं इतके जण आत गेले, तेव्हा बरी लागायची."

"तेव्हाही नाही लागायची," तो म्हणाला.

नाटकी माणूस. पण गेला नाही लगेच, आणि मीही दार लावलं नाही. ही खालून आली तर आम्ही दोघे दोन पायऱ्यांवर बसलेले. तिने दोघांना चहा आणून दिला. मला आधी नाही, त्याला आधी.

११ एप्रिल

धाकटा बोलला. तुरुंगातून, फोनवर.

त्याचा आवाज कोरडा होता, घसा बसलेला. मागे कुणीतरी श्वास घेत होतं, स्पष्ट ऐकू येत होतं. तो म्हणाला, "दादा, ते चित्र कुणाचं आहे ते सांग, म्हणजे मला सोडतील. असं मला सांगायला सांगितलंय."

अगदी असंच बोलला. शाळेत धडा वाचल्यासारखं, आणि शेवटी ते "सांगायला सांगितलंय".

मी काही बोलायच्या आत तोच पुढे म्हणाला, "मी यांना कालच सांगितलंय, आमच्या दादाचंच आहे म्हणून. दुसऱ्या कुणाचं कसं असेल? मी लहानपणापासून त्याची रेघ ओळखतो. भिंतीवरून इतक्या वेळा पुसलीये, मला नाही कळणार?" आणि मग हसला. "दादा, मोजे फार छान जमलेत रे. तो बिचारा अंगठा! दुकानात गिऱ्हाईकाला दाखवत होतो तेव्हाच हे आले."

भावाने माझ्या चित्राला छान म्हणण्याची ही जन्मातली पहिली वेळ.

मी म्हटलं, "थँक्यू."

दुसरं काय म्हणणार होतो? मग तिकडे खुर्ची पडल्यासारखा आवाज झाला आणि फोन बंद पडला.

ही माझ्याजवळ येऊन बसली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना कळलंय."

"काय कळलंय?"

"तुमची रेघ लहानपणापासून ओळखतात म्हणाले ना? मग हे तुमचं नाही हेही ओळखलं असणार. ओळखून खोटं बोलले."

ही काहीही बोलते. चष्मेवाल्याला चित्रातलं काय कळतं? हार घातलेल्या फोटोखाली बसणारा माणूस तो. तो असलं चित्र गिऱ्हाईकाला दाखवत बसला होता, हेच मला खरं वाटत नाही. दाखवत बसला होता? उघड, दुकानात?

जेवलो नाही. भूक नव्हती.

१२ एप्रिल

वकिलातीतला कारकून पुन्हा फोनवर. या वेळी मी ओरडलो नाही. "चित्र माझं आहे, लिहून घ्या," म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. बोलताना डोळ्यांसमोर चमच्याची मुलगी होती. तिला मी एकदाच पाहिलंय, परकरात होती, कलाशाळेच्या संमेलनात बापाच्या खांद्यावर झोपलेली. हे हिला सांगितलं नाही. उगाच डोक्यावर बसायची.

२५ एप्रिल

तीन आठवडे मी एक रेघ ओढलेली नाही. संपादकांनी जुना भोपळा पुन्हा छापला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आज सगळे जुने भोपळे काढून बघितले, जमिनीवर पसरून. गोल, गुबगुबीत, चकचकीत. एकाच्याही पोटात काही दुखत नाही. मला वाटायचं मी त्याला सोलतोय. मी त्याला पॉलिश करत होतो. हे आणि कुणी लिहिलं असतं तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं.

९ मे

धाकट्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. दुकानाला सील. भावजयीला काल भेट मिळाली, आज तिने फोन केला. गोळ्या देतात म्हणाली. बारीक झालाय, एक दात गेलाय, पण बरा आहे. आणि निरोप पाठवलाय.

"म्हणाले, दादाला सांग, थांबायचं नाही. आत सगळे विचारतात, पुढचं कधी."



"आणखी म्हणाले, नुसतं नाव काय लिहितो म्हणावं, आडनाव घाल. म्हणजे आत मलाही जरा मान मिळेल."

"आणि तू काय म्हणतेस?" मी विचारलं. तिला काही विचारायची ही माझी पहिलीच वेळ असावी, कारण तिने "मी?" असं विचारून खात्री करून घेतली.

"मी काय म्हणणार, दादा," म्हणाली. "आडनाव माझंही तेच आहे. दुकान गेलं, आता लपवायचं काय? घाला."

तुरुंगात मान हवाय साहेबांना! हवा विचारणारा माणूस, आणि मस्ती बघा.

१० मे

चमचा हॉटेलच्या मागे एका गॅरेजवरच्या खोलीत राहतो. एक खाट, एक टेबल, टेबलावर मुलीचा फोटो. मी कागद आणि टाक घेऊन गेलो. तो उठून उभा राहिला, बावळटासारखा.

"काढ," मी म्हटलं.

"मी आता नाही काढणार. एक माणूस गेला तेवढा पुरे."

"तो माणूस माझा भाऊ आहे, तुझा नाही. त्याने पुढचं मागितलंय. काढ."

"हात थरथरतो रे."

"मग थरथरता काढ. माझा कुठे स्थिर आहे? लोक म्हणतील वय झालं."

तो बसला. विचारलं, काय काढू? मी म्हटलं, तू आत होतास, मी नव्हतो. मला काय विचारतोस? हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना त्रास झाला, पण पडलं.

त्याने सांगितलं, भोपळ्याला एकट्याला झोप येत नाही. पलंगाजवळ एक हवालदार बसवून ठेवतात, दिवा चालू ठेवून. हवालदाराला डुलकी लागली की भोपळा हळूच हाक मारतो, जागा आहेस ना रे?

तेच काढलं त्याने. अवाढव्य पलंग, चादर नाकापर्यंत ओढलेला म्हातारा, आणि खुर्चीत पेंगणारा हवालदार. मी मधेमधे नावं ठेवत होतो. हवालदाराचा बूट चुकला, उशी मोठी झाली. बूट खरंच चुकला होता, त्याने सुधारला. रेघ मात्र हरामखोराची अजून काय देखणी आहे!

शेवटी त्याने खाली उजवीकडे सहीला जागा सोडली, नखाएवढी.

"एवढ्यात काय मावणार?" मी म्हटलं. "पलंग सरकव डावीकडे."

"चित्राचा तोल जाईल."

"जाऊ दे. मला पूर्ण नाव घालायचंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग नवा कागद घेतला, पलंग डावीकडे सरकवून सगळं पुन्हा माझ्या जाड रेघेत काढलं. मी टाक हातात घेतला आणि नाव लिहिलं, माझं, आणि त्याच्यापुढे आमचं आडनाव, लांबून वाचता येईल एवढं मोठं.